आमच्या घरात कोणी गरोदर नाही

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणते. ऑफिसात मला माघारी लवंगी म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. पण आता जो राग सांगणार आहे तो शेंड्यावरचा नाही. वर्ष उलटून गेलं तरी तो पोटात तसाच आहे, आणि कोणी ‘जाऊ दे गं, झालं ते झालं’ म्हटलं की पुन्हा पेटतो. असं म्हणणाऱ्याचं काय गेलेलं असतं? काही नाही.

मी नवी मुंबईत आरोग्याची माहिती गोळा करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते. माझं काम एका ओळीत सांगायचं तर असं, की कुठे साथ आली की त्या गावांत गरोदर बायका किती होत्या, बाळंतपणं किती झाली, बाळं जगली का, हे शोधून काढायचं. लोकांना वाटतं ही माहिती कुठल्या तरी कपाटात गठ्ठा बांधून ठेवलेली असते. कपाळ! साथीत तापाचे पेशंट मोजतात, मेलेले मोजतात, फवारणीच्या टाक्यासुद्धा मोजतात. त्यातल्या गरोदर किती असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

एकदा डेंग्यूच्या साथीतल्या एका गावाचा आकडा आला, त्यात अख्ख्या पावसाळ्यात एकही बाळंतपण नाही. मी फोन लावला. पलीकडचा म्हणाला, “मॅडम, जन्मली असतील की पोरं, पण इथे नाही जन्मली. दवाखाना तालुक्याला आहे ना.” म्हणजे जन्माची नोंद तालुक्याला, आईचं नाव गावाला, आणि तिच्या तापाचा रिपोर्ट तिसऱ्याच लॅबमध्ये. ह्या तिघांची गाठ घालून देणारी मी. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, तशी माझी गत.

हे सगळं कशासाठी, असं धाकटी मला नेहमी विचारायची. धाकटी म्हणजे माझी बहीण. “ताई, तू जगाची पोरं मोजतेस, स्वतःचं लग्न कधी मोजणार?” हा तिचा ठरलेला टोमणा. ती स्वतः लग्न होऊन श्रीवर्धनच्या बाजूला सुपारीच्या वाडीत गेली आणि वर्षाच्या आत तिला दिवस राहिले. तेव्हापासून फोनवर एकच चिडवाचिडवी. “काय गं, आमची मोजलीस का?” आपल्याला मुलगीच होणार हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी म्हणायचे, “जन्मू दे, मग मोजते. तुझ्यासाठी नियम बदलू का?”

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला. कोळीवाडा खाली, आम्ही भातशेतीवाले वर. घरात आई, आबा आणि दादा. दादाचं लग्न धाकटीच्या पुढेमागेच झालं, त्यामुळे वहिनीलाही त्याच सुमाराला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात दोन मतं नाहीत. सातव्यात सासरी ओटी भरतात, डोहाळजेवण करतात, आणि माहेरची माणसं येऊन मुलीला घेऊन जातात. गणपती झाले, आणि वहिनीचे भाऊ येऊन तिला महाडकडे तिच्या माहेरी घेऊन गेले. त्याच आठवड्यात दादा जाऊन धाकटीला घेऊन आला. एक गेली, एक आली. आई म्हणाली, “घराचं पारडं कसं सारखं राह्यलं बघ.”

मोजणाऱ्याच्या दृष्टीनं ह्याचा अर्थ काय होतो, तो नीट ऐका. गावातल्या सुना गरोदर राहिल्या की गावाबाहेर जातात. गावातल्या लेकी गरोदर राहिल्या की गावात येतात. नोंद मात्र सासरच्या गावात, सासरच्या नावानं. म्हणजे कुठल्याही गावाची गरोदर बायकांची यादी काढा, तिच्यात ज्या पहिलटकरणी असतात त्या गावात नसतात, आणि गावात असतात त्या यादीत नसतात. हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मुंबई-पुण्याला बसून तक्ते आखणाऱ्यांना मी किती वेळा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी!

त्या साली रस्त्याचं काम निघालं. खोदताना गावाच्या नळाची पाइपलाइन फुटली आणि तिचा सांधा नेमका गटारात. कोणी रबर गुंडाळलं, कोणी तार बांधली आणि पाणी सुरू केलं. नवरात्राच्या सुमाराला गावात कावीळ पसरली. एका घरात एक, मग शेजारी दोन, मग कोळीवाड्यात अख्खी ओळ आडवी. पाण्यातून येणारी ही कावीळ धडधाकट माणसाला महिनाभर लोळवते आणि बहुतेक वेळा सोडून देते. पण दिवस भरत आलेल्या बाईला ती लागली तर आई आणि मूल दोघांच्या जिवाशी खेळ असतो. म्हणून अशा साथीत पहिलं काम एकच असतं. गरोदर बाई शोधा, तिला वेगळं स्वच्छ पाणी द्या, तिचं रक्त तपासा, डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी दवाखान्यात हलवा.

हे काम झालंही. झालं नाही असं म्हणायला मला जागाच ठेवली नाही त्यांनी. आमच्या गावची आशाताई, म्हणजे गावातली आरोग्याची कार्यकर्ती, जिला घराघरातली उठबस माहीत, ती स्वतःच काविळीनं अंथरुणाला खिळलेली. म्हणून बाहेरून सर्व्हेला पोरी आणल्या. त्यांनी सासरच्या नोंदींची यादी हातात घेतली आणि दारोदार फिरल्या. ज्या घरात गरोदर बाई, त्या घराला रोज पाण्याचा सीलबंद कॅन, असं ठरलं होतं. चांगलंच ठरलं होतं.

ती माहिती फिरत फिरत माझ्या टेबलावर यायला दिवाळी उजाडली. वरातीमागून घोडं. गावाचं नाव वाचून मी सगळी कामं बाजूला सारली आणि आमची आळी शोधली. आमच्या घरापुढे वहिनीचं नाव, त्यावर आडवी रेघ, शेजारी ‘स्थलांतरित’. खाली आळीची बेरीज. सध्या गावात असलेल्या गरोदर महिला, निरंक. सरकारी भाषेत काही नसलं की निरंक लिहितात. मी तो शब्द तीनदा वाचला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, माझी बहीण तिथे आठवा महिना घेऊन बसलीय! निरंक कसं?

तिथूनच घरी फोन लावला. आबांनी उचलला.

“आबा, सर्व्हेवाल्या पोरी आल्या होत्या घरी?”

“आल्या व्हत्या की. च्या दिला त्यान्ला. बऱ्या घरच्या व्हत्या पोरी.”

“गरोदर कोण आहे असं विचारलं त्यांनी?”

“इचारलं. सून म्हायेरी गेली, सांगितलं.”

“आणि धाकटी?”

“तिचं काय?”

“ती गरोदर नाही का, आबा?”

“ती व्हय? पन ती का आपल्या घरची हाय आता? त्यांनी इचारलं, तुमच्या कुटुंबात दुसरी कोन हाय का. मी म्हनलो, न्हाय. ती जावयाच्या कुटुंबातली. सरकारी मानसाला खोटं कशापायी सांगायचं?”

खोटं! माझ्या बापानं आयुष्यात कोणाला एका पैशाचं खोटं सांगितलेलं नाही. भात मोजताना समोरच्याच्या पायलीत मूठभर जास्तच पडेल. तो माणूस ओटीवर बसून, दारामागे पाय पसरून बसलेली आठव्या महिन्याची लेक ऐकत असताना, सांगतो की आमच्या घरात कोणी गरोदर नाही. आणि मनापासून खरं सांगतो. लेक दिली म्हणजे ती तिकडची. आतून आईनंही तोंड उघडलं नाही, कारण अनोळखी पोरींसमोर पोटातल्या पोराची वाच्यता कशाला, दृष्ट लागते. धाकटी स्वतःही गप्प. नंतर दवाखान्यात तिनं मला सांगितलं, “मला हसू आलं होतं गं. म्हटलं, बघा, आबांनी मला एका झटक्यात काढून टाकलं.”

मी म्हटलं, “धाकटीला फोन द्या.”

फोन आईनं घेतला. “झोपलीय ती.”

“ह्या वेळेला?”

“जरा अन्न जात नाही तिला. ह्या दिवसांत व्हतं असं.”

“आई, तिचे डोळे कसे आहेत?”

आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग हळूच म्हणाली, “माळ आणलीय. तू जीव टांगणीला लावू नको.”

काविळीची माळ म्हणजे कसल्याशा काड्यांच्या तुकड्यांची दोऱ्यात ओवलेली माळ. डोक्यावर ठेवतात. ती लांबत लांबत गळ्याशी आली, छातीशी आली की कावीळ उतरली म्हणायचं. म्हणजे कावीळ झाली होती, आईला कळलं होतं, आणि घरात उपाय चालला होता काड्यांचा. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑफिसात सगळ्या माना वर झाल्या. मी पर्स उचलली आणि निघाले.

पनवेलहून अलिबागची गाडी, तिथून रेवदंड्याची रिक्षा. वाटेत दोन्ही बाजूंना भात कापायला आलेलं, माणसं शेतात, आणि मी रिक्षावाल्याच्या अंगावर ओरडतेय की पळव रे बाबा, पळव. घरी पोचले तेव्हा उजेड होता. माजघरात धाकटी कुशीवर पडलेली. माळ छातीपर्यंत आलेली. डोळे हळदीत बुडवून काढावेत तसे.

“ताई,” ती म्हणाली, “बघ, माळ किती खाली आली.”

“माळ खाली आली कारण काड्या सुकतात आणि गाठी सैल होतात!” मी आईकडे वळून ओरडले. “दुसरं काही होत नाही त्यानं! काही नाही!”

आई रडायला लागली. पण रडता रडता जे बोलली त्यानं मी गार पडले. म्हणाली, “दवाखान्यात नेली असती तर सासरी कळलं असतं. तिकडली माणसं म्हनली असती, सातव्यात धडधाकट पाठवली व्हती, तुमच्याकडं आली आन आजारी पडली. तोंड कसं दाखवायचं मग?” म्हणजे तोंड दाखवायला हवं म्हणून हे. आता दाखवा तोंड!

दादानं रिक्षा आणली. अलिबागला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. मुंबईच्या वाटेवर धाकटीनं मला ओळखायचं सोडलं. मला आई म्हणायला लागली, मग सासूबाई, मग काहीच नाही. मी तिचा हात धरून बसले होते. तो हात गरम होता एवढंच मला बरं वाटत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. त्यांनी तपासलं, बाहेर आल्या आणि पहिलं काय विचारलं? “गावात साथ होती ना? मग तुमच्याकडे टीम आली नव्हती का?”

“आली होती,” मी म्हटलं.

“मग ही सुटली कशी?”

आबा बाकावर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्यांना सोडवायला गेले नाही. डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, ह्या काविळीवर रामबाण औषध नसतं. पण पाणी वेगळं मिळालं असतं तर बहुधा झालीच नसती, आणि झाली असती तरी पहिल्या दिवसापासून आमच्या नजरेखाली असती. आता जे हातात आहे ते करू.

हातात फार काही राहिलं नव्हतं. मुलगी झाली. रडली नाही. सगळं जागच्या जागी होतं, बोटं, नखं, डोक्यावर भरपूर जावळ. फक्त श्वास नव्हता. नर्सनं कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली, कारण घ्यायला दुसरं कोणी पुढे झालं नाही. जावई भिंतीकडे तोंड करून उभा. त्याचा बाप म्हणाला, “तुमच्याकडे पाठवली तेव्हा ठणठणीत होती हो.” मी त्या बाळाला घेऊन उभी होते म्हणून, नाहीतर त्या माणसाचं मी काय केलं असतं देव जाणे.

धाकटी शुद्धीवर आली, पण त्याला वेळ लागला. वाचली. सगळे म्हणतात, नशीब समजा, ती तर वाचली. समजते. पण तिनं डोळे उघडले, हात पोटावर नेला आणि काही न विचारता परत डोळे मिटले, हेही मी बघितलंय. त्याला कोणतं नशीब म्हणतात?

तिला धोका नाही असं कळलं त्या दिवशी मी गावात परत आले आणि घरोघर फिरले. सर्व्हेच्या पोरींनी विचारलेला प्रश्न मी विचारलाच नाही. ‘तुमच्या कुटुंबात गरोदर कोण’ असं विचारलं तर माझ्या बापासारखाच गावभर प्रत्येक बाप खरं बोलणार. मी नुसतं विचारत होते, “काय काकी, माहेरपणाला कोण आलंय औंदा?” आणि काय सांगू! देवळाच्या मागच्या आळीत एक, तळ्याच्या काठी एक, कोळीवाड्यात तर सुकटीच्या ओट्यांवर दोघी शेजारी शेजारी ऊन खात बसलेल्या. सगळ्या त्याच नळाचं पाणी पिणाऱ्या आणि एकीचंही नाव कुठे नाही. काखेत कळसा आणि आमचा गावाला वळसा!

तळ्याकाठच्या घरात आई म्हणाली, “कोन न्हाय गं आमच्याकडं.” तेवढ्यात चुलीच्या खोलीतून पोरगी स्वतःच डोकावली. तिचे डोळे बघून मी त्या बाईला म्हटलं, “काकी, आमची रिकाम्या हातांनी यायचीय मुंबईहून. तुमची तशी आणायचीय का?” माझं बोलणं कडू लागलं असेल, पण त्याच दुपारी तिला हलवली. तिला मुलगा झाला, दोघं जगले. बारशाला मला बोलावलं होतं. मी गेले नाही, मला जमलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. पण साथ ओसरल्यावर तालुक्याला आढावा बैठक झाली आणि मला माझ्या संस्थेनं तिथे पाठवलं. कागद फिरवले गेले. आमच्या गावापुढे लिहिलेलं, बाधित गरोदर महिला, निरंक. मृत जन्म, निरंक. वर तालुक्याचे आरोग्याचे साहेब अभिमानानं म्हणाले, एवढ्या मोठ्या साथीत एकाही मातेला धक्का लागू दिला नाही.

मी उभी राहिले. माझा आवाज चढतो तेव्हा बारीक होतो, तसा झाला. “साहेब, ह्या गावातली एक मुलगी मरता मरता वाचलीय आणि तिचं मूल गेलंय. ते कुठे आहे ह्यात?”

साहेबांनी कागद उलटापालटा केला. “त्या आमच्या रहिवासी नव्हत्या ना, मॅडम. श्रीवर्धन भागातल्या होत्या.”

“ती त्याच घरात जन्मलीय. त्याच घरात पाणी प्यायली.”

“जन्म वेगळा, रहिवास वेगळा. त्यांच्या सासरकडच्यांनी नोंद घ्यायला हवी.”

सासरकडच्या ऑफिसला मी आधीच विचारलं होतं. तिथले म्हणाले होते, आमच्याकडे साथच आली नाही, मग काविळीनं गेलेलं मूल आम्ही कुठून दाखवू? आणि बाळाचा कागद झाला मुंबईत, जिथे ती पोर फक्त मेलेली म्हणून आली होती. माहेर म्हणतं सासरची, सासर म्हणतं माहेरी घडलं, मुंबई म्हणते बाहेरगावची. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

त्या खोलीत बसून मला एक गोष्ट लख्ख दिसली आणि तिचाच संताप मला अजून आवरत नाही. हे पंख्याखाली बसलेले साहेब आणि ओटीवर बसलेले माझे आबा, दोघं एकच बोलत होते. ती आमची नाही. एकानं चहा पाजून सांगितलं, दुसऱ्यानं तक्त्यात लिहून सांगितलं. मुलगी परक्याचं धन म्हणतात ना, ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही. त्याच हिशोबानं पाण्याचे कॅन वाटले गेले.

मी भांडले. त्या बैठकीत भांडले, पुढच्या बैठकीत भांडले, आमच्या ऑफिसातही भांडले. म्हटलं, कुटुंब-बिटुंब काही विचारू नका. सरळ विचारा, काल रात्री ह्या छपराखाली कोण कोण झोपलं होतं, आणि त्यातली गरोदर कोण. मोठ्या सर्वेक्षणांत असं विचारतातच, मी काही नवा शोध लावला नव्हता. साहेब म्हणाले, “मॅडम, घरं आहेत ती, लॉज नाही.” सगळे हसले. मी म्हटलं, “लॉजवाला तरी आलेल्या बाईचं नाव लिहून घेतो, साहेब.” शेवटी, तुमचा हट्टच आहे तर एक फेरी करून बघू, असं झालं. छापील कागद बदलला नाहीच. जुन्या प्रश्नावर एक पट्टी चिकटवून दिली.

ती फेरी शिमग्याच्या आधी आमच्या गावात आली. मी त्या दिवशी घरी होते. धाकटीही होती. तिला सासरी कधी पाठवायचं ह्याची बोलणी चालली होती आणि ती त्यात ‘बघू’ ह्यापलीकडे काही बोलत नव्हती. आबांचं आणि माझं बोलणं दिवाळीपासून जेवायला बसा, पाणी द्या, एवढंच उरलं होतं. एक नवीनच पोरगी ओटीवर येऊन बसली. मी दाराच्या आत उभी राहिले. मनाशी म्हटलं, आज बघतेच काय सांगतात ते.

पोरीनं पट्टीवरचं वाचलं. “काका, काल रात्री ह्या घरात कोण कोण झोपलं होतं?”

आबांना प्रश्न विचित्र वाटला. पण खरं बोलणारा माणूस, त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. “मी. ही. ल्योक. सून, तिचं बारकं.” वहिनी तिच्या बाळाला घेऊन नुकतीच आली होती. मग आबा थांबले. “आन माझ्या दोन लेकी.”

पोरीनं लिहिलं. “ह्यात गरोदर कोणी?”

“न्हाय.”

तिनं रेघ मारली आणि उठली. पायरी उतरली, चप्पल घातली. तेव्हा आबा म्हणाले, “ए पोरी, थांब जरा.”

ती वळली.

“मागल्या टायमाला इचारलं व्हतं. तवा मी न्हाय म्हनलो. पन व्हती. माझी लेक व्हती, इथंच व्हती. पोर गेलं तिचं. ते लिव.”

पोरगी गोंधळली. कागद चाळून म्हणाली, “काका, हे फक्त आताचं आहे. मागचं लिहायला ह्यात जागा नाही हो.”

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या पोटात इतके महिने त्यांच्यावर धुमसत होतं, ते विझलं असं मी म्हणणार नाही. विझलेलं नाही. पण त्या पोरीला झापायला मी उंबऱ्यापर्यंत गेले.

तेवढ्यात माझ्या मागून धाकटी आली. मागच्या वेळी ती दाराआड बसून राहिली होती. ह्या वेळी मला बाजूला सारून ओटीवर गेली, पायरीही उतरली. हातात उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या होता. तिनं पेला भरून त्या पोरीला दिला आणि ती पिईपर्यंत थांबली.

मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, “इथे समासात जागा आहे. मुलगी होती, असं लिही.”